दोन रेडिओंचं घर

खट्ट.

माझी लेक गुंडी नुकतीच झोपली होती. ती झोपली की आमचं घर श्वास रोखून बसतं. मी खुर्चीसुद्धा सरकवत नाही, उचलून ठेवते. अशा शांततेत आतल्या खोलीतून तो आवाज आला आणि कीबोर्डवरचा माझा हात थांबला. भांडं नव्हे, कडी नव्हे, कपाटाचं दारही नव्हे. कित्येक वर्षांत मी तो ऐकला नव्हता, तरी कानाने बरोबर ओळखला. डोळ्यांसमोर आला तो आईचा हात. ओला, फडक्याला घाईघाईने पुसलेला, रेडिओचं बटण फिरवणारा.

गुंडीची चाहूल लागावी म्हणून एकाच कानावर ठेवलेले हेडफोन गळ्यात टाकून मी आत गेले. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्यांच्या मांडीवर सवत होती.

"अजून चालते की काय?" मी कुजबुजले.

"कसली चालते! नुसतं खट्ट करते. माझ्यासारखंच, आवाज गेला पण कुरकुर शाबूत आहे," बाबा म्हणाले. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येतो. "कपाटावर होती. म्हटलं, तुझ्या कामाची आहे, काढून द्यावी."

ही सवत कोण, ते आधी सांगायला हवं. आणि माझं काम काय, तेही.

मी एका छोट्या संस्थेत आहे. कुठल्या वर्तमानपत्रावर, वाहिनीवर, रेडिओवर कितपत विसंबावं हे आम्ही तपासतो. पैसा कोणाचा, संपादकाला कोण नेमतं, कोणाबद्दल बोलताना जीभ सैल सुटते आणि कोणाबद्दल अडखळते, चूक झाली तर कबूल करतात का, असं सगळं. त्याची दरवर्षी पुस्तिका निघते आणि शाळांत, वाचनालयांत जाते. यंदा पाळी होती सरकारी पैशावर चालणाऱ्यांची. त्यातला आपला सरकारी रेडिओ माझ्या वाट्याला आला, आणि त्याच रेडिओवर माझ्या बाबांनी उभा जन्म बातम्या वाचल्या.

हे मी मुख्य बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. वाटलं, काम काढून घेतील. त्या म्हणाल्या, "मग तसं छापू या ना. निकालाच्या वरच लिहायचं, तपासनिसाचे वडील इथे नोकरीला होते. शिवाय तुझ्याबरोबर दुसरा तपासनीस असेलच. त्याचं तू बघायचं नाहीस, तुझं त्याने बघायचं नाही. दोघांचं स्वतंत्रपणे जुळलं तरच छापायचं."

बाबांना मी हेही सांगितलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पुस्तिका आपल्या वाचनालयातही येते का गं?"

येते. तिथेच तर माझा जीव अडकला होता. बाबा रोज सकाळी त्या वाचनालयात जाऊन बसतात. आई गेल्यापासून त्यांचं उरलेलं जग म्हणजे तिथलं ते लांब टेबल आणि त्याभोवतीची चार-दोन म्हातारी माणसं. ती सगळी त्यांना अजून 'बातम्या' म्हणतात. "या बातम्या, बसा. काय विशेष?" आवाज गेला तरी हाक तीच. त्याच टेबलावर मी लिहिलेला निकाल येऊन पडणार होता, वर बाप-लेकीचं नातं छापून.

आता सवत.

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन रेडिओ होते. मोठा बैठकीच्या खोलीत, फळीवर, अंगावर भरतकामाचं कापड पांघरून. त्याच्यावर बाबा यायचे. दुसरा हा, हाताएवढा, स्वयंपाकघरात चुलीशेजारी, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेला. याच्यावर समुद्रापलीकडच्या एका देशाचं सरकार आपल्या भाषेत बातम्या द्यायचं. बाबांच्या बातम्या संपल्या की थोड्या वेळाने त्यांच्या सुरू व्हायच्या. सरकारी रेडिओच्या वृत्तनिवेदकाच्या घरात परक्या सरकारचा रेडिओ! बाबांनीच त्याचं नाव सवत ठेवलं होतं. त्यावर तिकडे एक बाई वाचायच्या, म्हणून आई म्हणायची, "सवत असलीच तर तुमची नव्हे, माझी. आणि माझं तिच्याशी छान जमतं."

आईचा नेम ठरलेला. बाबा दुपारी सायकल घेऊन कामावर निघाले की ती घरातली सगळी कामं उरकायची. संध्याकाळी आधी मोठ्या रेडिओसमोर उभी राहून नवऱ्याचं ऐकायची, मग स्वयंपाकघरात येऊन, खट्ट, सवतीचं.

"हे बघ," ती मला सांगायची, मी ओट्यावर पाय हलवत बसलेली असायचे, "बाबांचा रेडिओ परक्यांच्या घरचं सगळं खरं सांगतो. सवत आपल्या घरचं खरं सांगते. स्वतःच्या घरचं विचारलं की दोघांच्याही तोंडाला कुलूप."

"मग आपल्याला कळणार कसं?"

"दोघांचं ऐकायचं. दोघांनी सांगितलं ते पक्कं. एकानेच सांगितलं ते जरा मुरत ठेवायचं."

"आणि कोणीच नाही सांगितलं ते?"

"ते बाजारात कळतं," आई म्हणायची.

आज मी ज्या कामाचा पगार घेते ते आई भाजी चिरता चिरता करायची. आजूबाजूच्या बायकांना हे ठाऊक होतं. कुठे काही घडलं की त्या आमच्या मागच्या दाराशी यायच्या आणि विचारायच्या, "काय हो, पक्कं की मुरतंय?"

बाबा घरी यायचे ते सायकलची घंटा एकदाच वाजवत. बूट काढता काढता विचारायचे, "काय म्हणते सवत?"

"आज तुमच्याशी सहमत आहे."

"वा. म्हणजे आज जेवायला मिळणार."

आणि एखाद्या दिवशी आई म्हणायची, "आज तुम्ही एकटेच होतात हो." मग बाबा बराच वेळ हात धूत राहायचे.

मला शाळेला सुट्टी असली की कधीकधी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून रेडिओवर न्यायचे. रस्ता गोदीच्या भिंतीला लागून. रेडिओवर जायचा दुसरा रस्ताच नव्हता. भिंतीवरून क्रेनच्या माना डोकवायच्या. त्यांना मी जिराफ म्हणायचे आणि बाबा प्रत्येक जिराफाला हात करायला लावायचे. गोदीच्या फाटकावरचा पहारेकरी ओरडायचा, "बातम्या! आज काय?" बाबा तशाच सायकलवरून ओरडायचे, "संध्याकाळी ऐका!" मला वाटायचं, अख्ख्या गावाला माझ्या बाबांशिवाय काही कळतच नाही. स्टुडिओत जाड दार होतं, दारावर लाल दिवा होता, टेबलावर हिरवं मऊ कापड होतं. कागद वाजू नये म्हणून. "खिडकी का नाही?" मी विचारलं होतं. "बाहेरचा आवाज आत यायला नको म्हणून," बाबा म्हणाले होते, आणि मला त्यांच्या फिरत्या खुर्चीवर बसवून गरागरा फिरवलं होतं.

हे सगळं मला त्या दिवशी पुन्हा आठवत होतं, कारण हेडफोनमधून सकाळपासून बाबाच बोलत होते. आमची तपासायची पद्धत अशी: जुन्या काही घटना घ्यायच्या, ज्यांचं खरंखोटं पुढे चौकशीत ठरलेलं आहे, आणि त्या दिवशी त्या रेडिओने काय सांगितलं होतं ते ध्वनिमुद्रण काढून ऐकायचं. घटना मुख्य बाई निवडतात. यंदाच्या घटनांत गोदीची आग होती.

तरुण, गोल, एकेका शब्दाला नीट खाली ठेवणारा बाबांचा आवाज. "गोदीतील गोदामाला दुपारी लागलेली आग आटोक्यात आली असून, कोणतीही जीवितहानी झालेली नाही."

चौकशीत पुढे उघड झालं होतं की माणसं दुपारीच गेली होती आणि कित्येकांना भाजलेल्या अवस्थेत इस्पितळात नेलं होतं. बातमी वाचली गेली तेव्हा वरच्या लोकांना हे ठाऊक होतं.

तेवढ्यात आतून खट्ट झालं होतं.

आता सवत बाबांच्या मांडीवर होती आणि मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले होते, लहानपणी बसायचे तशी. मी म्हणाले, "बाबा, आज गोदीच्या आगीपाशी आलेय."

"हं. म्हटलंच, आज-उद्या येशीलच."

ती संध्याकाळ मला चांगली आठवते, आणि लाज वाटते सांगायला, गोड आठवते. शेजारी शिवणवाल्या मावशी राहायच्या. माझे सगळे फ्रॉक त्यांनी शिवलेले. त्यांचे यजमान गोदीत माल चढवायला होते. आग लागल्याचं कळल्यावर मावशी तशाच उठून आमच्याकडे आल्या होत्या, खांद्यावर निळा दोरा, पायांत चपला, घराला कुलूपही न लावता. इस्पितळात जाऊन बघून येते म्हणत होत्या. आईने त्यांना बसवलं. मोठा रेडिओ ऐकवला. मग स्वयंपाकघरात आणून सवत ऐकवली. तीही तेच म्हणाली, आग आटोक्यात, जीवितहानी नाही. आईने मावशींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पक्कं! दोघांनी सांगितलं. आता चपला काढा आणि चहा घ्या. उगाच इस्पितळांच्या पायऱ्या झिजवू नका, यजमान येतील आणि घराला कुलूप दिसेल." मावशी रडता रडता हसल्या. सवतीवरच्या बाई आपल्या गोदीचं नाव कसं वाकडंतिकडं उच्चारतात याची आईने नक्कल केली आणि आम्ही तिघीही हसलो. पुढचं मला आठवत नाही. काका वारले एवढं मला नंतर कोणीतरी सांगितलं. मोठ्या माणसांचं एक आणि दुसरं जोडायचं माझं वय नव्हतं.

"बाबा, त्या दिवशी सवतही तेच म्हणाली होती ना?"

"म्हणाली होती."

"त्यांना कुठून मिळालं ते?"

बाबांनी बटण फिरवलं. खट्ट. परत फिरवलं.

"आमच्याकडून."

"त्यांचा इथला बातमीदार रोज आमच्या कचेरीत यायचा. भला माणूस. चहात साखर फार घालायचा. मोठं काही असलं की स्वतः धावपळ करायचा, आणि तेव्हा त्याच्या बातम्या आमच्याहून खऱ्या असायच्या. नाहीतर आमच्याच बातम्यांची प्रत घ्यायचा आणि फोनवरून तिकडे वाचून दाखवायचा. त्या दिवशी गोदीच्या फाटकावर पोलीस होते, कोणाला आत सोडत नव्हते. मग त्याने आमचाच कागद नेला."

"म्हणजे दोघांनी सांगितलंच नव्हतं."

"एकानेच सांगितलं. दोन तोंडांनी."

"आईला माहीत नव्हतं हे?"

"आमच्या कचेरीतल्या चहावाल्याला माहीत होतं," बाबा म्हणाले. "तुझ्या आईला नव्हतं. मी सांगितलंच नाही कधी."

"का पण?"

ते जरा थांबले. थांबून बोलायची त्यांची जुनी सवय, पण हे थांबणं वाचतानाचं नव्हतं. "अगं, तिला किती अभिमान होता त्या पद्धतीचा. बायका विचारायला यायच्या. आणि खरं सांगू? सवतीचं आणि माझं जुळलं, की ती दारात उभी राहून माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ना... माझ्या कचेरीत मला तसं कोणी बघत नव्हतं. मला ठाऊक असायचं, हे जुळणं पोकळ आहे. तरी बरं वाटायचं. म्हटलं, उद्या सांगू."

बाहेर कोणाच्या तरी बादलीत पाणी पडत होतं. मी गुंडीचा कानोसा घेतला.

"त्या संध्याकाळी आलो," बाबा म्हणाले, "तर दारातच म्हणाली, सवतही तेच म्हणते, मी मावशींना घरी बसवून ठेवलंय. मी बूटही काढले नाहीत. मावशींना घेऊन तसाच इस्पितळात गेलो. उशीर झाला होता, फार नाही, थोडाच. नर्स म्हणाली, दुपारपासून शुद्धीवर होता, बायकोला बोलवा म्हणत होता."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं का, बाबा? वाचताना?"

"हातात कागद आला, तो वाचला. स्टुडिओला खिडकी नसते, बाळ."

"आणि आई?"

"काही विचारलं नाही तिने. एका शब्दाने नाही. दुसऱ्या दिवशी हिला फडक्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवली. मी सकाळची पाळी मागून घेतली. जहाजांच्या वेळा, पाण्याची पातळी, हरवलेली माणसं."

सकाळची पाळी! मला वाटायचं, सवत बिघडली म्हणून वर गेली. आणि बाबा संध्याकाळचे घरी राहू लागले ते त्यांना बढती मिळाली म्हणून. कारण त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर होती. संध्याकाळी दिवा लागला की बाबा भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे करायचे. माझ्याकडून जहाजांची नावं पाठ करून घ्यायचे, आणि मी झोपताना ती म्हणायचे. आई तेव्हा घरात कमीच असायची. शेजारी मावशींकडे बसायची, त्यांच्या शिवलेल्या कपड्यांचे कच्चे टाके उसवत. मला वाटायचं, तिला शिवण शिकायची आहे. मावशींनी तिला कधी बोल लावला नाही. मला पुढेही त्याच फ्रॉक शिवत राहिल्या, आणि प्रत्येकाला आत एक जास्तीचं बटण टाकून द्यायच्या.

"कुठे आग लागली?"

गुंडी दारात उभी होती, केस उभे, गालावर उशीची घडी.

"जुनी आग आहे राणी, विझली," बाबा म्हणाले, आणि तिला उचलून सवतीशेजारी बसवलं. तिने लगेच बटणाचा ताबा घेतला. खट्ट, खट्ट, खट्ट.

मी उठून लॅपटॉप तिथेच आणला. शेवटचा एक रकाना भरायचा राहिला होता: चूक झाल्यावर ती जाहीरपणे सुधारली का? त्याचं उत्तर मला ध्वनिमुद्रणांत सापडलं होतं, म्हणजे सापडलं नव्हतं. आगीनंतरच्या कित्येक दिवसांच्या बातम्या मी ऐकून पाहिल्या होत्या.

"अडलंय कुठे?" बाबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"मग लिही की, नाही म्हणून."

"बाबा, वाचनालयात सगळे वाचतील."

"वाचायलाच ठेवतात तिथे. खेळायला नाही."

"ते तुम्हाला विचारतील."

"विचारू देत. कोणीतरी मला काही विचारायला हवंच होतं." त्यांनी गुंडीचा हात बटणावरून हळूच बाजूला केला, पाठ ताठ केली, घसा खाकरला. मग त्या चाळलेल्या आवाजात, एकेक शब्द खाली ठेवत, लाल दिवा लागल्यासारखे म्हणाले, "गोदीतील आगीत माणसे दगावली. त्या दिवशी दिलेली बातमी चुकीची होती. ती सुधारण्यात आली नाही."

गुंडीने टाळ्या वाजवल्या. "पुन्हा!" ती म्हणाली.

मी मान खाली घालून टाइप करत राहिले, कारण वर बघितलं असतं तर तिघांचीही पंचाईत झाली असती.

निकाल मी तसाच लिहिला. जहाजांच्या वेळा, हवामान, परदेशच्या बातम्या यांसाठी विसंबावं. आपल्याच सरकारबद्दल काही सांगत असतील तर दुसरीकडे खात्री करावी, आणि ती दुसरी जागा खरोखर दुसरी आहे की इथूनच उचलते, हेही बघावं. दुसऱ्या तपासनिसाचं माझ्याशी जुळलं. फक्त त्या शेवटच्या वाक्याला मुख्य बाईंनी खूण केली. "हे आपल्या नेहमीच्या निकषांत नाही. चांगलं आहे. कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हणाले.

पुस्तिका आली त्या सकाळी बाबा नेहमीसारखे वाचनालयात गेले. मी दुपारपर्यंत दाराकडे बघत होते. आले ते कोट काढत म्हणाले, "अजून बातम्याच म्हणतात मला. पण एकजण जरा दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला. गोदीतला होता तो." आणि बराच वेळ हात धूत राहिले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गुंडीने हट्ट धरला, आजोबांचा रेडिओ दाखवा. आम्ही तिघं चालत निघालो. भिंत आता मला पूर्वीइतकी उंच वाटली नाही. जिराफ मात्र होते. मी शिकवण्याआधीच गुंडीने त्यांना हात केला. फाटकापाशी ती म्हणाली, "आजोबा, ती जुनी आग कुठे होती?"

बाबांनी काठीने आत दाखवलं. तिथे आता नवी गोदामं आहेत, निळ्या पत्र्याची. भिंतीच्या वर, रस्त्यावरून सहज दिसतात. मग ते पुढे चालू लागले, रेडिओच्या इमारतीकडे, पाठीमागे एक हात ठेवून.

गुंडी तिथेच थांबली. तिने आधी गोदामाच्या छपराकडे बघितलं, मग त्याच्या वरच्या मोकळ्या आभाळाकडे, मग आजोबांच्या पाठीकडे. माझा हात ओढला.

"आई, आजोबा सायकलवरून रोज इथूनच जायचे ना?"

"हो गं. दुपारी."

"मग त्यांना धूर नाही दिसला?"